अंगठ्याखालची ओळ

माणसांची नावं माझ्या लक्षात राहत नाहीत, शब्दांची घराणी मात्र राहतात. लोणावळ्याच्या शाळेत मी खालच्या वर्गांना इंग्रजी शिकवत असे, तेव्हाची ही गोष्ट. शाळेच्या कपाटात एक जाडजूड इंग्रजी कोश होता. त्याची शिवण उसवलेली होती आणि तो सुतळीनं बांधून ठेवलेला असे. मुलांना त्याचं भय होतं आणि इतर मास्तरांना त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं, त्यामुळे सुट्टीत तो घरी न्यायला हेडमास्तरांनी मला कधी मनाई केली नाही. मी एकेक शब्द काढायचो आणि तो कुठल्या भाषेतून आला, त्याचा बाप कोण, आजा कोण, हे एका वहीत उतरवून ठेवायचो.

आमची अम्मा या वहीला ‘शिजरा’ म्हणायची. आमच्याकडे घराण्याच्या वंशावळीला तोच शब्द आहे. ‘दुनियेचे शिजरे लिहितोस,’ ती म्हणायची, ‘आपल्या पणज्याचं नाव काय होतं ते सांग बघू.’ मला ते सांगता यायचं नाही आणि तिला याचा फार आनंद व्हायचा. तिला स्वतःला अक्षरओळख नव्हती. वडील रेल्वेत सुतार होते. ते गेल्यावर तिनं एकटीनं मला शिकवलं, आणि माझ्या शिकण्याची चेष्टा करायचा हक्क त्याबदल्यात स्वतःकडे ठेवला.

मी जात्याच घाबरट. घाटात इंजिनाची शिटी नेहमीपेक्षा लांबली तरी मी हातातलं काम टाकून दाराशी येऊन उभा राहायचो. त्या हिवाळ्यात तर घाबरायला भरपूर कारणं होती. पहिलं महायुद्ध चालू होतं, स्टेशनातून सैनिकांच्या गाड्या जात होत्या, आणि आमच्या घरी पहिलंच मूल झालं होतं. मुलगी. ती इतकी लहान होती की तिला घ्यायचं तर मी आधी खाली बसायचो. बायको अशक्त होती, पण अम्मा खंबीर होती. तिनं आतली खोली बाळंतिणीची करून टाकली होती. दाराला जाड पडदा, खाटेखाली शेगडी, सकाळ-संध्याकाळ ओव्याची धुरी, उशीखाली सुरी. चाळीस दिवस बाळ-बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा नाही. चाळिसाव्या दिवशी कढत पाण्यानं न्हाण, नवे कपडे, आणि मग दोघींना ऊन दाखवायचं.

मुलगी आठ दिवसांची झाली आणि मागच्या गल्लीत उंदीर पडले.

‘उंदीर पडले’ एवढंच लोक म्हणत. पुढचं कुणाला समजावून सांगावं लागत नसे. आधी उंदीर मरतात, मग माणसांना ताप येतो, मग काखेत नाहीतर जांघेत गाठ. दोनच दिवसांत त्या गल्लीत दोन माणसं गेली. शाळा बंद झाली. मी दिवसातून दहा वेळा स्वतःच्या काखा चाचपून बघू लागलो आणि प्रत्येक वेळी काहीतरी लागल्यासारखं वाटे.

बाराव्या दिवशी प्लेगचे तपासनीस आमच्या गल्लीत आले. खाकी कोट, हातात खडू, आणि आवाज थकलेला. ते ओट्यावरूनच म्हणाले, ‘मास्तर, उद्यापर्यंत घर रिकामं करा. कुरवंड्याच्या वाटेवर माळावर झोपड्या घातल्यात. घरात उंदीर पडला असेल तर आताच सांगा. त्या घरातल्यांची वेगळी शेड आहे, त्यांना इतरांत मिसळता येणार नाही.’

‘आमच्याकडे नाही पडला,’ मी म्हणालो. पडला नव्हताच, निदान मला ठाऊक असल्याप्रमाणे.

‘मग झोपडीत दहा दिवस. कुणाला ताप नाही आला तर घर धुऊन, चुना मारून परत या. हे क्वारंटाईन आहे, शिक्षा नाही.’ एवढं बोलून ते पुढच्या दाराकडे गेले.

अम्मानं आतून सगळं ऐकलं होतं. ती पडदा सारून बाहेर आली आणि म्हणाली, ‘मी पोरीला हलवणार नाही.’

मी समजावलं, चिडलो, हात जोडले. ती जागची हलेना. ‘पहिल्या प्लेगात मला असंच बाहेर काढलं होतं,’ ती म्हणाली. ‘तुझ्या पाठची मुलगी सतरा दिवसांची होती. माळावरचं वारं लागलं आणि अठराव्या दिवशी गेली. तेव्हा मी गप्प बसले. आता नाही बसणार. पोलीस आणा, नाहीतर पलटण आणा.’

हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मला एक बहीण होती आणि ती सतरा दिवस जगली, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. पण राहायचं तरी कसं? मागच्या गल्लीतून रडण्याचा आवाज येत होता. मी नुसता घरात येरझाऱ्या घालत होतो. काही सुचेना तेव्हा मी सवयीनं कोशाची सुतळी सोडली. लोक अशा वेळी जपाची तसबीह हातात घेतात. मी शब्द काढून बसलो, आणि शब्द काढला तो तपासनिसांचा. क्वारंटाईन.

हा शब्द त्या दिवसांत सगळ्यांच्या तोंडी होता. खेड्यातली माणसं ‘कारंटीन’ म्हणत आणि म्हणताना आवाज खाली आणत. मला वाटायचं हा सरकारी खात्याचा कोरडा शब्द असणार, एखाद्या साहेबानं टेबलावर बसून बनवलेला. निघाला भलताच. त्याचा बाप इटलीच्या किनाऱ्यावरचा. तिकडच्या बंदरांत, परमुलखातून साथ येईल या धास्तीनं जहाजं बाहेरच उभी करून ठेवत, माणसांना उतरू देत नसत. किती दिवस? चाळीस. त्यांच्या भाषेत चाळीसला जो शब्द, तोच पुढे या अडकवून ठेवण्याचं नाव झाला. आजा लॅटिन, त्याचाही अर्थ चाळीस. आणि इंग्रजीत याच नावाचा त्याहून जुना एक कायदा होता. नवरा मेला की त्याच्या घरात बायकोला चाळीस दिवस राहू द्यायचं, तोवर तिला कुणी काढायचं नाही.

माझं भय क्षणभर पळालं. आमच्या शाळेतल्या शास्त्रीबुवांनी मला एकदा सांगितलं होतं की लॅटिन आणि संस्कृतचे आकडे एकाच मुळाचे. संस्कृतातलं ‘चत्वारिंशत्’ झिजून आपलं ‘चाळीस’ झालं. म्हणजे तपासनिसांच्या तोंडचा तो भयंकर शब्द आणि अम्माच्या तोंडचे चाळीस दिवस, हे दूरचे चुलतभाऊ होते. आमचे मौलवी मयताच्या चाळिसाव्याला ‘चेहेलुम’ म्हणत, तो फारसी भाऊसुद्धा त्याच घरचा. मी भराभर वहीत लिहून काढलं. घरावर प्लेग आलेला असताना माणसाला असा आनंद व्हावा, याची मला आज लाज वाटते.

त्या नोंदीत शेवटी आणखी एक ओळ होती. तीही मी वाचली. हल्ली हा शब्द कितीही मुदतीच्या बंदीला लावतात, चाळिसाचा संबंध उरलेला नाही, अशा अर्थाची. ती ओळ मी वहीत उतरवली नाही.

कोश उचलून मी अम्माकडे गेलो. ती पडद्यापाशी उभी होती. तिचे हात ओले होते आणि घासलेटाचा वास येत होता. वाटलं कंदील भरत असावी. मी तिला सगळा शिजरा सांगितला. बंदर, जहाज, चाळीस दिवस, विधवेचा कायदा.

‘चाळीसच?’ ती म्हणाली. ‘आमची विधवेची इद्दत तर चार महिने दहा दिवस. आणि एकेचाळिसाव्या दिवशी काय, बाईला रस्त्यावर काढायची?’

‘ते जाऊ दे अम्मा. पण बघ ना, मुळात तुझाच हिशेब आहे हा. चाळीस दिवस बाहेरचं वारं लागू द्यायचं नाही, बाहेरचं माणूस आत येऊ द्यायचं नाही. बाळंतिणीची खोली म्हणजे क्वारंटाईनच. आपण खोली मोडत नाही, खोलीच उचलून माळावर नेतोय.’

तिनं ओले हात पदराला पुसले. मग म्हणाली, ‘लिहिलंय तसं?’

‘हो.’

‘दाखव.’

मी पान तिच्यापुढे धरलं. तिला अलिफ-बे येत नव्हतं, इंग्रजी तर दूरच. तरीही पान धरताना माझा अंगठा आपोआप त्या शेवटच्या ओळीवर गेला. पडदा थोडा सरकलेला होता आणि आत खाटेवर बायको मुलीला घेऊन बसली होती. तीही बघत होती. अम्मानं पानावरून नजर फिरवली, एखाद्या नवख्या माणसाकडे बघावं तशी.

‘बरं,’ ती म्हणाली. ‘जाऊ. पण एकदा हलवलं की हलवलं. चाळीस पुरे झाल्याशिवाय मी परत येणार नाही. तुझ्या पुस्तकातपण तेच आहे ना?’

‘तेच आहे,’ मी म्हणालो.

ती इतक्या लवकर कबूल होईल असं मला वाटलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला स्वतःचा अभिमान वाटला. पलटणीला जे जमलं नसतं ते मी एका शब्दाच्या जोरावर केलं होतं.

दुसऱ्या दिवशी, मुलीच्या तेराव्या दिवशी, आम्ही माळावर गेलो. झोपड्या घालायचं काम कुरवंड्याकडच्या एका म्हाताऱ्याकडे होतं. सगळे त्याला आबा म्हणत, मीही म्हणू लागलो. कारवीचे कूड, वर गवत, आत बांबूचा आडोसा. अम्मानं आडोशाच्या आतली बाजू बाळंतिणीची केली. शेगडी, धुरी, सुरी, सगळं जागच्या जागी लागलं. पडदासुद्धा तिनं घरून आणला होता. पाळणा मात्र आणला नाही. मी विचारलं तर म्हणाली, ‘राहू दे तिथंच, झोळी बांधू.’

‘मावशी, कूड दोन पदरी घालतो,’ आबा म्हणाले. ‘पर हितलं वारं लय द्वाड. कुडाला इचारून येत न्हाई.’

‘माझ्या शेगडीला विचारून येईल,’ अम्मा म्हणाली.

दोघांचं जमलं. आबांची बायको रोज सकाळी लाकडं घेऊन यायची आणि आडोशाबाहेर बसून अम्माशी बोलत राहायची. मी त्या दिवसांत नुसता मोजत होतो. मुलीचे श्वास, बायकोच्या कपाळाचा ताप, माळावरच्या झोपड्या. आमच्या गल्लीतली पाच घरं तिथं होती. रोज सकाळी प्रत्येक झोपडीतून धूर निघाला की मला हायसं वाटायचं. एखाद्या झोपडीचा धूर उशिरा निघाला तर मी लांब उभा राहून वाट बघायचो, आणि कुणी खोकत बाहेर आलं की खोकलाच ऐकत बसायचो.

असे दहा दिवस गेले आणि कुणालाही काही झालं नाही. तपासनीस आले, प्रत्येक झोपडीबाहेर उभे राहून त्यांनी माणसं मोजली. ‘घरं धुतलीत, चुना मारलाय,’ ते म्हणाले. ‘चला, सुटलात. सामान बांधा.’

चार घरांनी तासाभरात सामान बांधलं. अम्मा आडोशापुढे बसून राहिली. ‘आमचे चाळीस व्हायचेत,’ ती म्हणाली.

‘चाळीस कसले मावशी? दहा.’

‘तुम्हाला तुमचाच शब्द ठाऊक नाही,’ अम्मा म्हणाली आणि माझ्याकडे वळली. ‘मास्तर, सांग यांना काय लिहिलंय.’

लाडात असली किंवा रागात असली म्हणजेच ती मला मास्तर म्हणायची. त्या वेळी कशात होती ते मला कळलं नाही. तपासनीस माझ्याकडे बघत होते, ती बघत होती. सांगायचं ते एका वाक्यात सांगता आलं असतं. अम्मा, तो अर्थ जुना झाला, आता दहा म्हणजे दहाच. पण ते सांगायचं तर अंगठ्याचंही सांगावं लागणार होतं. ‘तिच्या मनासारखं होऊ द्या,’ मी तपासनिसांना म्हणालो. ‘चाळिसाव्यापर्यंत राहतो आम्ही.’

‘राहा बापडे,’ ते म्हणाले. ‘झोपडी काही मी डोक्यावर घेऊन जाणार नाही.’

ते गेल्यावर आडोशाआडून बायकोनं हळूच विचारलं, ‘खरंच चाळीस लिहिलंय का हो?’

‘लिहिलंय,’ मी म्हणालो. ते खोटं नव्हतं, आणि म्हणूनच मला ते म्हणता आलं. तिनं पुन्हा विचारलं नाही.

रिकाम्या झालेल्या चार झोपड्यांत दोन दिवसांनी बाजाराकडची नवी माणसं आली. त्यांच्याकडे उंदीर पडले होते की नव्हते, कुणी खरं सांगेना. त्यातल्या एकाला ताप होता आणि त्याच्या घरच्यांनी तो चार दिवस लपवला. मला तेव्हापासून झोप अशी लागली नाही. रोज सकाळी उठलो की वाटायचं, आज सांगून टाकू, आजच घरी जाऊ. मग दुसरं भय उभं राही. इतके दिवस आपण फसवलं हे अम्माला कळलं तर? तिनं पुढे माझ्या कुठल्याच शब्दावर विश्वास ठेवला नाही तर? दोन भयांमध्ये जे लहान होतं तेच मी मोठं मानलं. आज म्हातारपणी ते इतकं उघड दिसतं की स्वतःला दोन थोबाडीत द्याव्याशा वाटतात.

एकतिसाव्या दिवशी सकाळी अम्मा आडोशाच्या आत गेली नाही. रोज उठल्या उठल्या ती मुलीचं तोंड बघायची. त्या दिवशी ती झोपडीबाहेर, पंधरावीस पावलांवर, एका दगडावर जाऊन बसली. मी तिच्याकडे जाऊ लागलो तर तिनं हात वर केला.

‘तिथंच थांब,’ ती म्हणाली. ‘रात्रीपासून अंग तापलंय. काखेत दुखतंय. आबाला बोलाव.’

मी जागीच खाली बसलो. आबा आले, त्यांनी तिच्याकडे एकदा बघितलं आणि काही न विचारता कोयता काढला. दुपारपर्यंत त्यांनी तिच्यासाठी एक लहानशी वेगळी झोपडी उभी केली. अम्मा स्वतःच्या पायांनी आत गेली आणि दारावर फांद्या ओढून घ्यायला लावल्या. डॉक्टर एकदा आले, दारातून बघून गेले. मी पेज करून उंबऱ्याशी ठेवायचो आणि मागे सरायचो. ती आतून हात काढून वाडगं घ्यायची. पहिल्या दिवशी वाडगं रिकामं परत आलं, दुसऱ्या दिवशी अर्धं.

तिसऱ्या दिवशी दुपारी वाडगं तसंच होतं. मी कुडाला तोंड लावून बसलो. आतून तिचा श्वास ऐकू येत होता, फार वेगानं चाललेला.

‘अम्मा,’ मी म्हणालो, ‘दहाच दिवस होते. चाळीस हा जुना अर्थ. पुस्तकात तसंही लिहिलं होतं. मी तुला सांगितलं नाही. आपण केव्हाच घरी जाऊ शकलो असतो.’

मी रडत होतो आणि पुन्हा पुन्हा तेच सांगत होतो. मग ती म्हणाली, ‘पोरीचे किती झाले?’

‘बत्तीस झाले. आज तेहतिसावा.’

‘सात राहिले,’ ती म्हणाली. ‘मोजत राहा.’

तिनं माझं ऐकलं होतं की तापात नुसते आकडे तेवढे तिच्या ध्यानात राहिले होते, मला कळलं नाही. संध्याकाळ व्हायच्या आत ती गेली. खांदा द्यायला माणसं मिळेनात. आबा आले, त्यांचे दोन जावई आले, आणि स्टेशनवरचा वडिलांचा एक जुना सोबती आला. तेवढ्यांनी आम्ही तिला नेलं.

मी उरलेले सात दिवस मोजले. चाळिसाव्या दिवशी सकाळी आबांची बायको पाण्याचा हंडा घेऊन आली, चूल पेटवली, पाण्यात निरगुडीचा पाला टाकला आणि बाळंतिणीला हाक मारली. न्हाण कोण घालणार हा प्रश्न मला सुचलासुद्धा नव्हता.

‘मावशीनं सांगून ठेवलं व्हतं मला,’ ती म्हणाली. ‘पानी किती कडत घ्यायचं, पोरीच्या टाळूवर किती तेल घालायचं, समदं. म्हनाली, मी नसंन तर तू घाल. मी म्हनलं, तुमी कुटं जाताय? तर हसली नुसती.’

आम्ही घरी परत आलो. दहाव्या दिवशी परतलेल्या चारही घरांत कुणाला काही झालं नव्हतं. ती माणसं ओट्यांवर बसलेली होती आणि आम्हाला बघून उठून उभी राहिली. मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही. कोश शाळेला परत केला, वही माळ्यावर टाकली. पुढची वीस वर्षं मी मुलांना स्पेलिंगं शिकवली, अर्थ शिकवले, पण कुठल्या शब्दाचा बाप कोण हे कधी कुणाला सांगितलं नाही. पुढे शाळेनं नवा कोश घेतला आणि जुना मला देऊन टाकला. त्याला मी नको म्हणू शकलो नाही. तो सुतळीसकट कपाटावर पडून राहिला.

तीच मुलगी वीस वर्षांनी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिला मुलगा झाला. त्याच आतल्या खोलीत पुन्हा पडदा लागला, शेगडी पेटली, धुरी झाली, आणि आता बायको अम्माच्या जागी होती. मुलगी सांगायची, ‘आमच्या अब्बांनी शोधून काढलंय, साहेब लोकसुद्धा चाळीस दिवस पाळायचे.’ घरात ती गोष्ट कौतुकाची झाली होती. ती निघाली की मी काहीतरी काम काढून बाहेर जायचो.

एका दुपारी मी ओट्यावर वर्तमानपत्र घेऊन बसलो होतो. बायको तांदूळ निवडायला शेजारी येऊन बसली. मग सूप खाली ठेवून म्हणाली, ‘त्या दिवशी तुमच्या अंगठ्याखाली काय होतं हो?’

वीस वर्षं मला वाटत होतं की ते माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. मी तिला सांगितलं. ओळ सांगितली, तपासनिसांपुढे का गप्प बसलो ते सांगितलं, कुडाशी बसून अम्माला काय म्हणालो तेही सांगितलं. ‘मीच मारलं तिला,’ मी म्हणालो. ‘दहाव्या दिवशी तोंड उघडलं असतं तर ती जगली असती.’

तिनं आतल्या खोलीच्या पडद्याकडे एकदा बघितलं. मग म्हणाली, ‘मला एक सांगायचं होतं, पण अम्मांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घातली होती. आता पोरगी स्वतः आई झाली. मी फिटली असं समजते.’

मी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं.

‘तुम्ही बाहेर पुस्तक काढून बसला होता ना, तेव्हा आत पाळण्याखाली उंदीर पडला. माझ्या डोळ्यांदेखत. अम्मांनी तो फडक्यात उचलला, परसात नेऊन घासलेट टाकून जाळला. मला म्हणाल्या, कळलं तर तुला आणि पोरीला त्या वेगळ्या शेडमध्ये टाकतील, तापाच्या माणसांत. कुणाला सांगायचं नाही, त्यालाही नाही. तो घाबरट आहे, त्याच्या तोंडावर दिसेल.’

मला तो घासलेटाचा वास आठवला. मी तिला म्हणालो, ‘म्हणून ती कबूल झाली. माझ्या शब्दामुळे नाही.’

‘म्हणून कबूल झाल्या. आणि म्हणूनच दहाव्या दिवशी परत यायला तयार नव्हत्या. उंदराच्या घराची कौलं काढतात, जमीन उकरतात. आपल्या घराला नुसता चुना लागला होता, कारण आपण सांगितलंच नव्हतं. त्या खोलीत पोरीला कशी आणणार? अम्मांना अडून बसायला काहीतरी हवं होतं. तुमचे चाळीस आयते मिळाले.’

‘पण मग मला तरी सांगायचं होतं,’ मी म्हणालो.

‘मीही तुम्हाला एकदाच विचारलं,’ ती म्हणाली. ‘दुसऱ्यांदा विचारलं असतं तर तुम्ही खरं सांगितलं असतं. मला ते नको होतं. मलाही या खोलीची भीती वाटत होती.’ तिनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं, पण तांदळाला हात लावला नाही. ‘आणि अंगठा अम्मांनीपण बघितला होता. तुम्ही पुस्तक घेऊन वळलात तशा आत येऊन मला म्हणाल्या, काहीतरी झाकलंय त्यानं. झाकू दे. आपणही झाकलंय.’

चष्मा काढून मी नुसता पुसत बसलो. आतून मुलीनं हाक मारली, ‘अब्बा, आज कितवा दिवस?’

रोजची हाक होती ती. तिला बाहेर यायची घाई झाली होती आणि घरात मोजायचं काम माझ्याकडे होतं.

‘तेहतिसावा,’ मी म्हणालो. ‘सात राहिले.’